आवराआवर

६ नोव्हेंबर

आलो एकदाचे! नांदेडहून निघालेला टेम्पो दुपारी हर्सूलच्या या गल्लीत शिरला तेव्हा मला एकच धास्ती होती, की आता सामान उतरवायला माणसं कुठून आणायची. तर हाक मारायच्या आधीच दारं उघडली आणि गल्लीच सामानाला लागली. शेजारच्या केसरबाईंनी पुस्तकांचं खोकं कमरेवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की अवं बाई, संसार आणलाय का खडी? मी म्हटलं, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्याची पुस्तकं आहेत. तेव्हापासून मी सगळ्यांची टीचरबाई झाले.

हा खटाटोप नातीसाठी. अपेक्षा इथे सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे. हॉस्टेलच्या मेसने पोरीचा चेहरा एवढासा करून टाकला होता. तिचे आईवडील, म्हणजे माझी लेक आणि जावई, पुण्यात नोकरीला बांधलेले. दिवाळीत तिला पाहिलं आणि मीच म्हटलं, नांदेडच्या घरात मी तरी भिंतींशीच बोलते, त्यापेक्षा तुला दोन वेळचं गरम जेवायला घालीन.

गल्ली एका तोंडाची आहे. शेवटी उंच भिंत, पलीकडे रान. घरं एकमेकांना चिकटलेली, भिंतीला भिंत. केसरबाईंच्या कुकरची शिट्टी माझ्याच ओट्यावर झाल्यासारखी वाजते. इतकी वर्षं एकटीने काढल्यावर या आवाजाने मला किती बरं वाटलं, ते कुणाला सांगू?

आणखी एक गोड गोष्ट. प्रत्येक दाराशेजारी एक लहानसा कोनाडा आहे. मला वाटलं, पणतीसाठी असेल. केसरबाई म्हणाल्या, पणती कशाला, वाटीसाठी हाय. आपल्या घरी जे शिजलं ते वाटीभर सांजेला तिथं ठेवायचं. येणारा-जाणारा चाखतो, आवडलं तर नेतो. सकाळी वाटी धुऊन परत. मला आईची आठवण आली. ती शेजारी वाटी पाठवायची, वर ताटली झाकून. परत येताना वाटी कधी रिकामी यायची नाही, तळाशी चिमूटभर साखर असायची. रिकामी वाटी परत करू नये, एवढं तर आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं.

९ नोव्हेंबर

माझी पहिली वाटी नापास झाली. वांग्याची भाजी होती. केसरबाईंनी दारातूनच निकाल सांगितला, की टीचरबाई, लई सोज्वळ भाजी करता वं तुम्ही, येसर नाय का घरात? मग स्वतःच डबाभर येसर मसाला आणून दिला. आज जमलं. वाटी परत आली ती तळाशी साखर घेऊन. मी ती साखर तशीच तोंडात टाकली.

तात्यासाहेबांची ओळख झाली. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, गल्लीचे वडीलधारे. दिवेलागणीला ते पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जातात आणि प्रत्येक वाटीत करंगळी बुडवून चाखतात. प्रत्येकाला टोमणा ठरलेला. कुणाला म्हणतात, आज भांडण झालं वाटतं, तिखट हात पडलाय. कुणाला, की तेल काय सासऱ्यानं पाठवलं का? अपेक्षाला हा प्रकार अस्वच्छ वाटतो. मी तिला गप्प केलं. हसून पुढे जाणारं माणूस रोज दारावरून जातं, ही काय लहान गोष्ट आहे?

समोरच्या घरात सुलेखा आणि राजकुमार राहतात. तो वाळूजच्या कंपनीत, ती घरी ब्लाऊज शिवते. मूलबाळ नाही, म्हणून असेल, अपेक्षा तिला फार आवडली. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी हिच्या साडीवर ब्लाऊज शिवून द्यायचं तिने कबूल केलंय. माप घेताना म्हणाली, की मेसवाल्यानं पोरीला हँगर करून पाठवलंय, आजी, आता तुम्ही भरा.

१२ नोव्हेंबर

अपेक्षाची उद्या चाचणी. विषय माझ्या आवडीचा, विषाणू शिरला की पेशी काय करते. पोरीला इंग्रजी पुस्तकातलं काही उमगेना. मग मी पाट सरकवून बसले आणि जसं वर्गात सांगायचे तसं सांगितलं.

पेशी म्हणजे घर. घरात जे शिजतं त्याचा कण ती बाहेरच्या भिंतीवर मांडून ठेवते. पहाऱ्यावरच्या पेशी येता-जाता तो चाचपतात, ओळखीचा असला की पुढे जातात. विषाणू शिरला की तो त्याच घरच्या चुलीवर स्वतःचं शिजवू लागतो, आणि भिंतीवर परका कण येतो. पण त्याआधीच घराने शेजाऱ्यांना निरोप धाडलेला असतो. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. तो निरोप धाडणाऱ्याच्या फारसा कामी येत नाही. शेजारी मात्र सावध होतात. ते चुली थंड करतात, प्रथिनं बनवणं थांबवतात. विषाणू आलाच तर त्याला शिजवायला काही मिळू नये.

आणि ज्या घरात तो शिरला आहे, त्याचं काय? हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी शिकवलं. केरळच्या होत्या. पॉलिश केलेल्या लाकडाचा वास असलेला तो वर्ग, खिडकीबाहेर गुलमोहर, आणि फळ्यावर एक गोल काढून त्याचे त्या हलक्या हाताने तुकडे करत होत्या. म्हणाल्या, ही पेशी फुटत नाही, सांडत नाही. आपल्याच कात्र्यांनी स्वतःला कापते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते, आणि शेजारी त्या पुड्या खाऊन टाकतात. मागे डागही उरत नाही. मी बाकावर बसून त्या पेशीसाठी रडले होते. पुढे मराठीतून शिकवताना मला त्यासाठी शब्द सापडत नव्हता. 'मरते' म्हणवेना. मग मी म्हणू लागले, ती आपला संसार आवरते. सगळ्या बॅचेसना हेच सांगितलं.

अपेक्षा हसत सुटली. म्हणाली, आजी, ही तर आपली गल्ली! मग तिने चांगला प्रश्न विचारला. विषाणूने घराला वाटीच ठेवू दिली नाही तर? मी म्हटलं, तसंही करतात काही विषाणू. त्यांच्यासाठी वेगळे पहारेकरी असतात. ज्या दारात वाटी नाही, त्या घराला ते काही विचारत बसत नाहीत.

१६ नोव्हेंबर

काल संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. तात्यासाहेब नेहमीसारखे आले. सुलेखाच्या वाटीत करंगळी घातली, चाखली, आणि काही बोलले नाहीत. टोमणा नाही, हसू नाही. बोट धोतराला पुसलं आणि पुढच्या वाट्या न चाखताच परत फिरले. मी उठून सुलेखाचं वरण चाखलं. त्यात मीठच नव्हतं. विसरली असेल. परवापासून राजकुमार खोकतो आहे, तिचंही नाक वाहत होतं. नाक बंद असलं की चव कुठली कळते?

आज सकाळी गल्लीत एकही शिट्टी झाली नाही. फोडणीचा वास नाही. मी गॅस पेटवला तर भिंतीपलीकडून केसरबाईंनी हलकेच ठोठावलं. बाहेर जाऊन विचारलं, की कसला उपास आहे का? म्हणाल्या, व्हय, तसंच. कोणाचा, ते सांगेनात. डोळ्याला डोळाही देईनात. कालचा शिळा भात आम्ही दह्याशी खाल्ला.

सुलेखाचं दार लागलेलं आहे. तिला हाक मारली. ती खिडकीशी आली आणि काचेला आतून कागद चिकटवू लागली. नीट, कोपरे दाबून दाबून. माझ्याकडे पाहून हसली. काय झालं, डॉक्टरला बोलावू का, असं मी खुणेने विचारलं. तिने मान हलवली आणि शेवटचा कागद लावला.

१८ नोव्हेंबर

आज चुली पेटल्या. समोरचं दार उघडं होतं. मी धावतच गेले. घरात कोणी नव्हतं. नुसतं कोणी नव्हतं असं नाही, काहीच नव्हतं. फरशी धुतलेली, भिंतींना ओला चुना. शिवणाचं मशीनही नाही.

तात्यासाहेब म्हणाले, सुलेखाच्या माहेरी गेले, पैठणला. मी विचारलं, न सांगता? तापात? त्यांना कुणी पाठवलं? त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. म्हणाले, आम्ही कोण पाठवणारे, टीचरबाई? कुणी हात लावत नाही इथं कुणाला. त्यांचं त्यांनीच आवरलं.

माझाच शब्द. मी शिकवायचे तो.

दुपारी केसरबाई आल्या. अंगात सुलेखाचा हिरवा स्वेटर. हातात गाठोडं, म्हणाल्या, हा तुमचा वाटा. आत कुकर, चहाची गाळणी आणि अपेक्षाचं ब्लाऊज. एक बाही लावायची राहिलेली. पण दोरा नीट कापून गाठ मारलेली, सुई काढून घेतलेली, न लावलेली बाही चौकोनी घडी घालून आत ठेवलेली. माहेरी जायच्या घाईत कुणी असं करतं का? मी विचारलं, तुम्हाला आधी कोण सांगतं, की कुणाच्या घरात काय आहे? केसरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, सांगत कुणी नाय वं. कळतंय. मोठ्या साथीत ही गल्ली अर्धी रिकामी झाली होती. तवापासून कळतंय.

त्या दुष्ट नाहीत. हेच मला सहन होत नाही. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

महिना संपायच्या आत दुसरं घर बघायचं. अपेक्षाला इतक्यात काही सांगणार नाही.

२० नोव्हेंबर

अपेक्षा कॉलेजातून आली तीच कुडकुडत. अंग तव्यासारखं तापलंय. मी तिला आतल्या खोलीत निजवलं, दोन रजया घातल्या, आणि ती खोकली की मिक्सर सुरू करते. भिंती पातळ आहेत.

रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं असतं. पण गल्लीच्या तोंडाशीच तात्यासाहेबांचं घर, आणि पोरगी दोन पावलंही सरळ टाकू शकत नाही. उद्या ताप जरा उतरला की पहाटेच निघायचं, थेट पुण्याला.

वाटी ठेवायलाच हवी. नाही ठेवली तर काय, ते मीच सांगितलंय तिला. मेथीची भाजी केली, मीठ दोनदा चाखून पाहिलं. तात्यासाहेब आले. मी दाराआड उभी होते. ते म्हणाले, की आता कुठं नांदेडचा हात मराठवाड्याला लागला! आणि हसत पुढे गेले. नांदेडही मराठवाड्यातच की हो, असं मी आतून ओरडले, आणि तोंडात पदर कोंबून रडले.

२१ नोव्हेंबर

पहाटे निघता आलं नाही. ताप उतरला नाही, उलट पोरगी ग्लानीत होती. लेकीला फोन लावणार होते, पण ती घाबरून गाडी काढून इथे येईल. इथे कुणी यायला नको.

सिस्टर फिलोमिना शिकवायच्या तसं कपाळावर पट्ट्या ठेवते आहे. मधूनच पोरगी डोळे उघडते आणि म्हणते, आजी, टेन्शन नको घेऊ. केवढीशी होती, माझ्या मांडीवर झोपायची आणि माझी बांगडी फिरवत राहायची. अजूनही झोपेत माझ्या मनगटाशी हात नेते.

हिला मी इथे आणलं. हिला इथून मीच बाहेर काढणार.

संध्याकाळी बटाट्याची भाजी ठेवली. दोनदा चाखून.

२२ नोव्हेंबर

सकाळी वाटी आली. धुतलेली, लखलखीत. तळाशी चिमूटभर पांढरं. मी सवयीने जिभेवर टाकलं. साखर लागली नाही. काहीच लागलं नाही. डब्यातली साखर खाल्ली, ती तशीच. मग डोळ्यांजवळ धरून पाहिलं. वाटीतले दाणे बारीक होते.

मीठ.

त्यांनी मीठ परत पाठवलंय.

मी काल चाखलं होतं. दोनदा. पण जिभेला कळतच नव्हतं, आणि कळत नाही हेही मला कळलं नाही. कढईतली उरलेली भाजी अपेक्षाला भरवली होती, तीही काही बोलली नव्हती. तिला तरी चव कुठे आहे?

शिट्ट्या नाहीत. कुठल्याच घरात नाहीत.

२३ नोव्हेंबर

कोणी अडवत नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या मला खरं वाटणार नाही. मी दार उघडलं. सगळे आपापल्या उंबऱ्यात होते. केसरबाईंचे डोळे भरलेले. मी म्हटलं, मी पोरीला घेऊन चालले. तर सगळे आत सरकले, वाट मोकळी करून दिली.

रिक्षा मागवली होती. ती तोंडाशी आलीही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, नको, परत जा. त्याला पैसेही दिले. मला असं म्हणायचं नव्हतं.

लेकीला फोन केला. सांगायचं होतं, ये, आत्ता ये, पोलीस घेऊन ये. तिने हॅलो म्हटलं. मी म्हटलं, सगळं छान आहे गं, फोन लागला नाही तर काळजी करू नको. माझाच आवाज. वर्गात असायचा तसा, शांत. फोन ठेवल्यावर मी आरशात माझं तोंड पाहिलं. माझंच होतं.

परत लावला. परत तेच म्हणाले.

२४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात गाठोडी आहेत. माझ्या जुन्या साड्यांची. पुस्तकांचं एक, पातेल्यांचं एक, अपेक्षाच्या स्वेटरांचं एक. केव्हा बांधली? गाठ माझी आहे. आई बांधायची तशी, एक पदर आत खोचलेला.

सोडली सगळी. सगळं परत जागेवर ठेवलं. खाली बसले. पाहते तर हातात परत साडी, आणि—

खिडकीचे कागद मी लावले नाहीत. नाहीत लावले. कोपरे मात्र नीट आहेत.

अपेक्षाला म्हटलं, तू एकटी जा. आत्ता. मागे बघू नको. ती उठून बसली, पाय खाली टाकले. मी तिला परत निजवलं. रजई नीट केली.

२५ नोव्हेंबर

ताप उतरला! नव्याण्णव. साधा ताप होता. पाच दिवसांचा, साधा, सगळ्यांना येतो तसा. मलाही जिभेवर लिंबाचं आंबट जरा कळलं. बऱ्या होतोय आम्ही दोघी.

भिंतीवर मुठी आपटून सांगितलं. केसरबाई, उतरला ताप! पोरगी बरी आहे! ऐकताय ना?

पलीकडून काही नाही. नुसतं पाणी ओतल्याचा आवाज. चुना कालवत असतील.

त्यांचा दोष नाही. निरोप परत घेता येत नाही. कुणी मला विचारलं नव्हतं वर्गात, पुढे पेशी बरी झाली तर—

२६ नोव्हेंबर

कडी मी घातली आहे. काढायला जाते, तर हात कडीच पुसून परत येतो. फरशी पुसतो. छान निघाली फरशी.

घाबरायला हवं. आठवण ठेवायला हवी की घाबरायचं आहे. अपेक्षा, अपेक्षा, अपेक्षा— लिहीत राहते म्हणजे—

किती शांत वाटतंय. सगळं एका जागी आलं. तिच्या लहानपणीचे फोटो वेगळे काढले, सारखे वाटे केले. आता तेवढी आतली खोली राहिली, आणि आम्ही दोघी.

हाक मारते आहे. आवाज मोकळा झालाय पोरीचा. भूक लागली म्हणते, आजी, मऊ भात कर ना.

आले गं राणी. आलेच. तू उठू नकोस, तशीच पडून राहा, आधी एवढं